ड्रम भरण्याआधी उकिरडा पाहा

धानपट्ट्यातल्या शेतकरी मेळाव्यांत हल्ली एक देखावा ठरलेला असतो. मंडपाच्या कडेला दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात ढवळायची काठी, तोंडावर ओली चुंगडी. दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती पाण्यात कालवायची, सकाळ-संध्याकाळ ढवळायचे आणि दोन-तीन दिवसांनी ते पाणी एकराला सोडायचे. मग युरियाचे काय, असा प्रश्न मागच्या रांगेतून येतोच. आता त्याची गरज नाही, असे उत्तर मंचावरून मिळते.

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर चुकीचे आहे. आणि ज्या ड्रमच्या जोरावर ते दिले जाते, तो ड्रम बिचारा निर्दोष आहे. त्याच्याकडे काय मागायचे, एवढेच चुकते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत हा विषय काढायला कारण आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे पूर्व विदर्भासाठीचे विभागीय संशोधन केंद्र इथे, कृषी विज्ञान केंद्रही इथे, आणि ‘सिंदेवाही’ हे नाव धानाच्या वाणांनाच लागलेले. भोवताली ताडोबा-अंधारी आणि ब्रह्मपुरीचे जंगल, मध्ये मामा (माजी मालगुजारी) तलाव, तलावांखाली बांध्या. अशा मुलखात पुढच्या काही वर्षांत गावोगावी द्रव खते तयार होणार आहेत, कारण त्यासाठी पैसा निघाला आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. २,४८१ कोटी रुपये, १५ हजार समूह, साडेसात लाख हेक्टर, एक कोटी शेतकरी आणि १० हजार जैविक निविष्ठा केंद्रे असा त्याचा पसारा आहे. राज्याचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे सेंद्रिय शेती मिशन २०१८ मध्ये अमरावती विभाग आणि वर्धा जिल्ह्यापुरते सुरू झाले होते, तेही आता राज्यभर नेण्यात आले आहे. पैसा येतो तिथे ड्रम येतात, ड्रम येतात तिथे फोटो येतात. म्हणून फोटोच्या आधी हिशेब मांडलेला बरा.

दहा किलो ओल्या शेणात नत्र असते तीस ते पन्नास ग्रॅम. दहा लिटर गोमूत्र चांगल्या जनावराचे धरले तरी शंभर ग्रॅम. दोन किलो बेसनातल्या प्रथिनांतून सत्तरेक ग्रॅम. एकूण झाले दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. म्हणजे जेमतेम अर्धा किलो युरिया! धानासाठी विदर्भात हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराला ४० किलो नत्र. शिफारस बाजूला ठेवली तरी पीक स्वतःच जमिनीतून एकरी पंधरा क्विंटल धानामागे पंचवीस किलोच्या आसपास नत्र उचलते. ड्रम पाव किलोसुद्धा देत नाही. पुन्हा बाजारातून गूळ-बेसन आणले तर त्याचाच खर्च २६६ रुपये ५० पैशांच्या युरियाच्या अख्ख्या पोत्याजवळ जातो. (त्या पोत्याची खरी किंमत कितीतरी जास्त आहे आणि वरचे पैसे सरकारी तिजोरीतून भरले जातात, हेही सांगायला हवे.)

ड्रममधल्या या द्रावणाचा, म्हणजे जीवामृताचा, प्रसार ज्यांनी देशभर केला, ते अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर स्वतः त्याला खत म्हणत नाहीत. त्यांच्या मते ते पिकाचे अन्न नव्हे, जमिनीतल्या जिवाणूंना चालना देणारे द्रावण आहे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पद्धत सरकारदरबारी पोचली. तिथे पोचेपर्यंत मात्र ही बारीक पण महत्त्वाची अट वाटेत कुठेतरी गळाली आणि ‘द्रव खत’ हा शब्द उरला.

बरे, चालना देते म्हणजे किती देते? हाही हिशेब करून पाहू. उत्तम द्रावणात एका मिलिलिटरला दहा कोटी जिवाणू धरले, तर दोनशे लिटरमध्ये वीस लाख कोटी झाले. आकडा डोळे फिरवणारा आहे. पण एकरभर जमिनीची वरची सहा इंच माती सुमारे नऊ लाख किलो भरते आणि तिच्या दर ग्रॅममध्ये दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू आधीपासून नांदत असतात. साडेचार हजार वस्तीच्या गावात एक पाहुणा उतरावा, असे हे प्रमाण आहे, आणि तेही माती गरीब धरून. चांगल्या मातीत पंचेचाळीस हजारांत एक. आता या पाहुण्याने गावाचा कारभार बदलावा अशी अपेक्षा धरायची असेल, तर त्याला नेमक्या घरी उतरवायला हवे आणि तिथे त्याच्या जेवणाची सोय हवी.

धानाच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. चिखलणी करून पाणी बांधलेल्या बांधीत दोन-चार दिवसांतच मातीतला प्राणवायू संपतो. हवेवर जगणाऱ्या जिवाणूंपैकी बरेचसे तिथे निष्क्रिय होतात. वांग्याच्या वाफ्यात किंवा संत्र्याच्या आळ्यात मिळालेला अनुभव जसाच्या तसा बांधीत उतरवता येत नाही, तो यामुळे. बांधीची स्वतःची सूक्ष्मजीवसृष्टी वेगळी आहे. पाण्यावरच्या निळ्या-हिरव्या शेवाळामुळे भातखाचराला हवेतले नत्र मिळते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिले होते. परिस्थिती अनुकूल असेल तर एका हंगामात हेक्टरी वीस-तीस किलो नत्र अशा मार्गाने जमिनीत येते. ॲझोला त्याच जातकुळीचा. रोवणीआधी दीड महिना वाढवून गाडलेला धैंचा तर याहून पुढचा. नत्राची गोष्ट करायची तर ती या मंडळींबरोबर करावी, ड्रमबरोबर नव्हे.

दुसरी बाजूही तितक्याच नीट ऐकली पाहिजे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी अनेक वर्षे एक वेगळी मांडणी केली. मातीत खनिजे पुष्कळ असतात, अडलेले असते ते सूक्ष्मजीवांचे पोट. त्यांना साखरेसारखा सहज पचणारा पदार्थ थोडा दिला की त्यांची संख्या वाढते आणि मातीतली खनिजे ते पिकाला मोकळी करून देतात, असे त्यांचे म्हणणे. कंपोस्ट करण्यात काडीकचऱ्यातली ऊर्जा वाया जाते, इथपर्यंत ते गेले. ही मांडणी सगळ्यांना पटलेली नाही. मात्र ड्रममधला गूळ का काम करत असेल, याचे ते एक समजण्याजोगे उत्तर आहे. फक्त त्यातून उचल होते ती जमिनीच्या ठेवीतून. स्फुरद-पालाशाची ठेव मोठी असेल तर काही वर्षे खाती चालतील. सेंद्रिय कर्ब तळाला गेलेल्या जमिनीत, तीही धानावर धान घेतलेल्या, ठेवच नसेल तर चालना कशाला द्यायची?

म्हणून मुद्दा फिरून येतो तो उकिरड्यावर. चांगल्या द्रावणाची आई म्हणजे चांगले कंपोस्ट. त्यात जे नाही ते पाण्यात उतरणार नाही, आणि त्यात जे वाईट आहे ते मात्र गुळाच्या पाण्यात झपाट्याने वाढेल.

या बाबतीत मराठी माणसाला उसने आणण्याची गरज नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी शास्त्रशुद्ध रीत बसवली, तिच्यावरच्या १९३१ च्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. जगभरच्या सेंद्रिय चळवळीने हॉवर्डना डोक्यावर घेतले. वाडांना महाराष्ट्रातसुद्धा फारसे कोणी ओळखत नाही. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी विटांचे जाळीदार टाके बांधून दाखवले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यात चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा, साधारण शंभर किलो शेण, पावणेदोन टन माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत तीनेक टन खत. या पद्धतीतली खरी गोम आहे ती शंभर किलो शेणाची. महाराष्ट्रातले गोधन २०१२ च्या पशुगणनेत सुमारे एक कोटी ५५ लाख होते, ते २०१९ च्या गणनेत एक कोटी ४० लाखांवर आले. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, आणि हेक्टरी दहा टन शेणखताची शिफारस कागदावरच राहिली. अशा काळात कमी शेणात जास्त कचरा कुजवणारे टाके हे जुने नव्हे, उद्याचे तंत्र आहे. सरकारी अनुदानातून बांधलेल्या कितीतरी टाक्यांचा उपयोग आज सरपण ठेवायला होतो, हा भाग वेगळा.

सिंदेवाही तालुक्यात कुजवायला काय कमी आहे? मळणीनंतरची तणस आहे. एक टन तणसात बारा ते सतरा किलो पालाश असते. पिकाने उचललेला बहुतेक पालाश दाण्यात न जाता तणसातच राहतो. हार्वेस्टर फिरला की ती बांधीत पसरून पडते, जनावर नसेल तर गोळा कोण करणार, आणि मग काडी लागते. नत्र धुरात जाते. मामा तलावांच्या काठी माजलेली बेशरम आहे, तलावातला गाळ आहे. नाडेपच्या टाक्याला पावणेदोन टन माती लागते, ती गाळाची का असू नये? धुऱ्यावर गिरिपुष्प लावले तर दरवर्षी कोवळा पाला मिळतो. शेतातल्या मोहाखालचा पाला आहे. फुले वेचायला जागा साफ व्हावी म्हणून मार्चमध्ये तो पेटवतात, आणि तीच आग कित्येकदा जंगलात शिरते. तो झाडून टाक्यात भरला तर वेचणीही सोपी होईल आणि वणवाही टळेल.

जंगलातला पाला आणा, असे मात्र कुणी सांगू नये. मे २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या तीन महिला तेंदूपाने तोडायला गेल्या असताना वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मारल्या गेल्या. ‘जंगलातली सुपीक माती मूठभर आणा’ असे मंचावरून सांगणाऱ्यांनी आपण कुठे उभे आहोत हे आधी पाहावे. धुऱ्यावरच्या आंब्याखालची, कुदळ न लागलेली माती त्या कामाला पुरेशी आहे.

आणि मुख्य म्हणजे छप्पर. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात उघड्यावरचा उकिरडा म्हणजे खत धुण्याचा कारखाना. शेणाच्या ढिगाखालून पावसाळाभर जे तांबूस पाणी ओहोळात जाते, तेच खरे द्रव खत. शेतकरी ते सोडून देतो आणि ऑगस्टमध्ये गूळ-बेसन आणून नवे करतो. ढिगावर चार बांबू आणि तणसाचे छप्पर घातले, बुडाशी दोन फुटांचा खड्डा घेऊन तो पाझर साठवला, तर ड्रमचे निम्मे काम तिथेच होते. या छपराला कुठल्या योजनेत अनुदान आहे? ड्रमला आहे.

खत चांगले झाले की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ढीग रचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसावी, दहा मिनिटे राहू द्यावी आणि ओढून टोक मुठीत धरावे. धरवत नसेल तर आत साठ अंशांच्या जवळ उष्णता आहे. नुसतेच कोमट लागले तर नत्र किंवा ओल कमी. शेणकाल्याचे पाणी मारावे, ओला पाला घालावा. ढीग काही दिवस पंचावन्न अंशांच्या वर राहिला आणि अधूनमधून उलटला गेला, म्हणजे तणांचे बी आणि आतड्यातले रोगजंतू मरतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत उघड्या ढिगासाठी पंधरा दिवस पंचावन्न अंश आणि पाच वेळा उलथापालथ अशी अटच आहे. मग ढीग निवतो, बुरशीची पांढरी जाळी दिसते, दीड-दोन महिने तसाच मुरतो. मूठभर घेऊन दाबले तर पाणी टपकू नये, उघडल्यावर गोळा अलगद फुटावा, आणि वास यावा पहिल्या पावसाचा. हा वास मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूंचा असतो. शेणाचा किंवा अमोनियाचा वास आला तर खत अजून कच्चे आहे. ते ड्रममध्ये घालू नये.

मुरलेले खत हाती आले की पुढचे काम सोपे आहे. दोनशे लिटर पाण्याला दहा-वीस किलो खत पातळ कापडाच्या पिशवीत बांधून सोडावे, माशांच्या काचपेटीला लावतात तसा पण थोडा मोठा हवेचा पंप तळाशी चालू ठेवावा, चोवीस ते छत्तीस तासांत द्रावण वापरून टाकावे. इथे वेळेला महत्त्व आहे. जिवाणू वाढू लागले की पाण्यातला प्राणवायू भराभर संपतो, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, चाळीस अंशांच्या पाण्यात साडेसहाच्या आत. शेजारच्या ब्रह्मपुरीचे नाव उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत झळकते. तिथे मे महिन्यात उन्हातला ड्रम म्हणजे जिवाणूंची भट्टीच. दिवसातून दोनदा काठी फिरवल्याने ही तूट भरून निघत नाही. काठीने ढवळलेले जीवामृत प्रामुख्याने हवेविना आंबते. ते वाईटच असते असे नाही, वेगळे असते. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या अभ्यासात जीवामृतातील जिवाणूंची संख्या नवव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक आढळली. गावात मात्र ते तिसऱ्या दिवशीच सोडले जाते. सडक्या अंड्याचा वास येऊ लागला तर ते द्रावण पिकाला न घालता परत ढिगावर ओतावे. वीज नेमकी रात्री जाते, पंप बंद पडतो, सकाळी वास येतो. असे होणारच, धरूनच चालावे.

आता पाहुण्याचे नेमके घर. अख्ख्या बांधीवर फवारण्यापेक्षा पऱ्ह्यांची मुळे रोवणीआधी अर्धा तास या द्रावणात बुडवावीत. मुळाच्या अंगाला चिकटून गेलेला जिवाणू मुळातून झिरपणाऱ्या साखरेवर जगतो. तिथे त्याला पंचेचाळीस हजारांशी भांडावे लागत नाही. ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत कृषी विद्यापीठांची बीजप्रक्रियेची आणि मुळे बुडवण्याची शिफारस याच तत्त्वावर आहे. दुसरी जागा म्हणजे पऱ्हे टाकण्याचा वाफा. तिसरी म्हणजे नवा ढीग, विशेषतः तणसाचा. तिथे कुजण्याचा वेग वाढतो. एकरभर पाण्यात दोनशे लिटर ओतून समाधान मिळते, बाकी फारसे काही मिळत नाही.

भाजीपाल्याला मात्र इशारा द्यायलाच हवा. कंपोस्टच्या पाण्यात गूळ किंवा मळी घातली आणि मूळ खतात रोगकारक ई-कोलाय थोडे जरी शिल्लक असले, तर ते ड्रममध्ये पुन्हा वाढतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगांत दिसून आले. तिथल्या सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट-चहा कृतिगटाने २००४ मध्ये, अशी पूरके घातलेले द्रावण तपासल्याशिवाय खायच्या भागावर फवारू नये, असे सुचवले. आपल्याकडे तर थेट ताजे शेण वापरतात. धान शिजवून खाल्ले जाते, तिथे धोका नगण्य. सांबार (कोथिंबीर), पालक, टमाटर, काकडी यांच्यावर हे द्रावण मारून दुसऱ्या दिवशी बाजारात नेणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. मुळाशी द्यावे, पानावर नको.

बाटल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने २०१५ मध्ये वीस रुपयांची ‘वेस्ट डीकंपोजर’ ही बाटली आणली. दोन किलो गूळ, दोनशे लिटर पाणी, आठवड्यात द्रावण तयार, आणि त्यातलेच थोडे घेऊन पुढचा ड्रम, मग त्याच्या पुढचा. किंमत पाहता कुणाचे नुकसान नाही. पण दहाव्या ड्रममध्ये मूळ जिवाणू उरलेत की गावच्या विहिरीतले, हे कोण सांगणार? भारताच्या खत नियंत्रण आदेशात जैविक खते आहेत. द्रवरूप असेल तर मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी अशी अट आहे. शेतातल्या ड्रमला ती लावणे वेडेपणा ठरेल. मात्र सरकारी पैशांतून उभ्या राहणाऱ्या आणि द्रावण विकणाऱ्या केंद्राला काहीच अट नसावी, हेही चालणार नाही.

बाटलीत हिशेब कसा हरवतो, याचे ताजे उदाहरण नॅनो युरियाचे आहे. २०२१ मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत चार टक्के नत्र होते, म्हणजे वीस ग्रॅम. दावा होता ४५ किलोच्या पोत्याला पर्याय ठरण्याचा. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात निम्म्या युरियाऐवजी ही बाटली वापरल्यावर भाताचे उत्पादन सुमारे तेरा टक्क्यांनी घटले. आणि त्याच २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांवर एका रात्रीत बंदी घातली, सहा-सात महिन्यांत ती गुंडाळली, तोवर पहिल्या सहामाहीत तांदळाचे उत्पादन वीस टक्क्यांच्या आसपास खाली आले होते. चीनहून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या जहाजात पिकांना घातक अर्विनिया जिवाणू सापडल्यामुळे ते परत पाठवावे लागले, तो तमाशा निराळाच. कंपोस्ट नसताना सेंद्रिय व्हायला निघालेल्या देशाची ती परवड होती.

याचा अर्थ युरिया ओतत राहावे, असा कुणी काढू नये. नत्र जास्त झाले की धानाचे पान कोवळे, गर्द हिरवे होते आणि त्यावर तुडतुडे तुटून पडतात, कडाकरपा वाढतो; चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याने हे अनेक हंगामांत भोगले आहे. चांगले खत, धैंचा, मुळांना द्रावण आणि पाने पाहून हप्त्याने दिलेला थोडा युरिया यांची जोडी जमवता येते. किती युरिया कमी करता येतो, हे मात्र त्या-त्या जमिनीवर करूनच ठरेल.

ते कसे ठरवायचे, याचा धडा सिंदेवाहीला लागूनच असलेल्या नागभीड तालुक्यात आहे. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे दीड एकर जमीन होती. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानात वेगळ्या लोंब्यांची मोजकी झाडे त्यांना दिसली. त्यांनी ती बाजूला काढली, वेगळी पेरली, वर्षानुवर्षे शेजारच्या धानाशी ताडून पाहिली, आणि त्यातून एचएमटी हा धानाचा वाण उभा राहिला. विद्यापीठाने १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केला, श्रेयावरून वाद झाला, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा सन्मान केला, ३ जून २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या गरिबीची आणि उपेक्षेची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. त्यांची पद्धत मात्र कुणी सांगत नाही. वेगळे ठेवायचे, शेजारी जुने ठेवायचे, मग मोजायचे. एवढ्या एका शिस्तीवर शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाने देशाला वाण दिला.

ड्रमच्या बाबतीत नेमकी हीच शिस्त गायब आहे. सगळ्या बांध्यांवर फवारणी होते, पाऊस चांगला झाला तर श्रेय द्रावणाला, बिघडला तर खापर पावसावर. मेळाव्यात यशोगाथा येते ती एका शेतकऱ्याची, एका वर्षाची, तुलना न केलेली. कृषी विज्ञान केंद्रे ‘प्रात्यक्षिके’ घेतात, त्यांत प्रयोगाची बांधी रस्त्याकडेला आणि बोर्डासह असते. तुलनेची कोरी बांधी पाहुण्यांना कुणी दाखवत नाही.

जैविक निविष्ठा केंद्रे चंद्रपूर-गडचिरोलीत उभी राहतील तेव्हा त्यांना आधी खताचा साठा करायला लावा: छप्पर घातलेले दहा ढीग नसतील तर ड्रमला परवानगी नको. प्रत्येक केंद्रात लांब दांड्याचा तापमापक आणि साधा सूक्ष्मदर्शक असावा, तो वापरायला गावातली एखादी बारावी झालेली मुलगी शिकवावी आणि तिला त्याचा मोबदला द्यावा. सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने दोन्ही जिल्ह्यांतल्या शे-दोनशे शेतकऱ्यांच्या कोऱ्या आणि द्रावण दिलेल्या बांध्यांचे उत्पादन सलग तीन खरीप मोजून, फायदा झालेले आणि न झालेले सगळे आकडे गावांच्या चावडीवर लावावेत. त्याला फार पैसा लागत नाही.

आणि शेतकऱ्याने तोवर थांबायचे कारण नाही. यंदाच्या रोवणीला सारख्या मातीच्या, एकाच पाण्याच्या दोन बांध्या निवडा. बी तेच, युरिया तेवढाच, रोवणीचा दिवस तोच. एकीच्या पऱ्ह्यांची मुळे द्रावणात बुडवा, दुसरीची साध्या पाण्यात. मळणीला दोन्हींचे धान एकत्र करू नका, वेगळ्या चुंगड्यांत भरा आणि काट्यावर मोजा.